रूळ चर्चगेटला संपत नव्हते

संपादकांना चर्चगेट स्थानकावर लेख हवा होता. फलाटाच्या टोकाशी, बफरपाशी उभं राहिल्यावर माझं लक्ष त्याच्या पलीकडेच गेलं. गाडी इथून पुढे का जात नाही?

जायची. बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ 1870 च्या दशकात चर्चगेट ओलांडून समुद्राच्या कडेकडेने कुलाब्याला पोचले. त्या बाजूला तेव्हा कापसाचा बाजार होता, म्हणजे माणसांइतकीच गाठींचीही सोय पाहिली गेली असणार. 1896 मध्ये कुलाबा टर्मिनसची इमारत उभी राहिली.

मला या स्थानकात सर्वांत जास्त रस वाटतो तो एका साध्या अडचणीमुळे. टर्मिनसमध्ये आलेल्या वाफेच्या गाडीचं इंजिन बफरच्या बाजूला अडकतं. ते सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं तर शंटिंग, जादा रूळ आणि मुबलक जागा लागते. 5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या लोकल सुरू झाल्या आणि निदान लोकलपुरता हा खटाटोप मिटला. गाडीच्या दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे मोटरमन या टोकाहून त्या टोकाला गेला की गाडी निघायला मोकळी. आजही चर्चगेटला हेच चालतं, आणि चार फलाटांवर एवढी गर्दी हलते ती याच जोरावर. मेल गाड्यांना मात्र यार्ड हवंच होतं.

विजेच्या तारा ओढून तीन वर्षंही होत नाहीत तोच चर्चगेट ते कुलाबा हा मार्ग बंद झाला. कारण होतं बॅकबे भराव योजना. 1920 च्या दशकात सरकारने सुमारे 1,145 एकर समुद्र बुजवण्याचा बेत आखला होता. नव्या जमिनीच्या मधोमध रूळ कोणाला हवे होते? 18 डिसेंबर 1930 रोजी गव्हर्नर सायक्स यांच्या हस्ते बॉम्बे सेंट्रलचं उद्घाटन झालं. लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या आणि वर्ष संपताना कुलाबा बंद झालं. लोकलचा शेवट तेव्हापासून चर्चगेटला.

राग येतो तो पुढच्या हिशेबाचा. भरावाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, काम रेंगाळलं, गाळ हवा तसा मिळेना. वकील आणि काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले, तेव्हा एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला; नरिमन निर्दोष सुटले. योजना आक्रसली, मधला मोठा पट्टा कैक वर्षं पाण्याखालीच राहिला. तो भरून निघाला तेव्हा त्याच्या टोकाला नाव मिळालं नरिमन पॉइंट! ज्या जमिनीसाठी धावती रेल्वे काढली, तिच्यातली बरीचशी तेव्हा आलीच नाही.

कुलाबा स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. भरावावर कचेऱ्या मात्र उगवल्या, आणि त्यांचे नोकरदार रोज सकाळी चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सीची, बसची रांग धरू लागले. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 जमिनीखालून कफ परेडपर्यंत पोचली, म्हणजे या टोकाला पुन्हा गाडी यायला जवळपास 95 वर्षं गेली. बोरिवलीहून लोकलने येणाऱ्याला तरीही चर्चगेटला उतरून मेट्रोचे जिने गाठावे लागतात. 1930 साली त्याला जागेवरून उठायचीही गरज नव्हती.