आंग्रिया बँक: बारा नॉटिकलच्या पलीकडचे प्रवाळ

विजयदुर्गच्या बंदरातून बोटीचे तोंड थेट पश्चिमेला करून साधारण १०५ किलोमीटर गेले की आंग्रिया बँक येते. येते म्हणजे दिसत मात्र काहीच नाही. बेट नाही, पाण्यावर आलेला खडक नाही, लाटा फुटल्याचा फेसही नाही. फरक फक्त बोटीवरच्या फिशफाइंडरच्या पडद्यावर उमटतो. शेकडो मीटर खाली असलेला तळ वर यायला लागतो आणि काही ठिकाणी पाण्याखाली वीस मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम अकरा वाव खोलीवर येऊन थांबतो. समुद्राच्या पोटात उभे असलेले हे पठार उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या माथ्यावर जिवंत प्रवाळ आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव या पठाराला आहे, आणि विजयदुर्गसमोरच्या पाण्याला ते शोभतेही.

मालवणच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंगला उतरणाऱ्या पर्यटकांना तो दाखवतात. पण किनाऱ्यालगतच्या प्रवाळाचे जगणे हलाखीचे असते. पावसाळ्यात गड नदी कालावलच्या खाडीतून आणि कर्ली नदी देवबागजवळ गाळ आणून ओतते, महिनोन्‌महिने पाणी गढूळ राहते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यावर प्रवाळ जगतो. उजेड अडला की प्रवाळाची उपासमार सुरू होते. आंग्रियापर्यंत कोणत्याही नदीचा गाळ पोहोचत नाही. तिथले पाणी स्वच्छ निळे असते, ऊन खोलवर उतरते. म्हणून किनाऱ्यावर तग धरून असलेला प्रवाळ तिथे ऐसपैस वाढतो. अर्थात ही वाढसुद्धा प्रवाळाच्याच गतीने होते. पोरायटीससारखा गोलसर, घट्ट प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. माणसाच्या उंचीचा दगड दिसला तर तो दीडशे-पावणेदोनशे पावसाळे तिथे आहे असे समजावे.

एवढ्या लांबच्या जागेची माहिती मिळवणे सोपे नव्हते. तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी ती उभी केली. आंग्रियाच्या पाण्यात उतरून तिथला प्रवाळ पाहणाऱ्यांत आणि त्याच्या रक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांत ते आघाडीवर राहिले आहेत. २०१९ च्या डिसेंबरात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडियाच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांची एक मोठी मोहीमही तिथे जाऊन आली. अशा प्रत्येक फेरीला मोठे जहाज, हवामानाची साथ आणि भरपूर पैसा लागतो. किनाऱ्यावर दिवसाआड जाऊन करता येणारे हे काम नाही.

आता मासेमारीकडे येऊ. कारण आंग्रियाला आजवर वाचवले ते कोणत्या कायद्याने नव्हे, अंतराने.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि परत किनाऱ्याला लागते. दोन्ही टोकांचे दोर वाळूत. एकेका दोराला माणसांची रांग लागते, टाचा वाळूत रुतवून ओढ सुरू होते आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळ्यात येतील ते बांगडे, पेडवे, जे काही असेल ते वाळूवर ओतले जाते आणि वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. या मासेमारीची मर्यादा तिच्या दोराइतकीच आहे. किनाऱ्याजवळ मासा आला तर मिळेल, नाही आला तर नाही.

पर्ससीनचे जाळे माशाची वाट बघत नाही, त्याच्यामागे जाते. पाण्यात थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरत जाळ्याची उभी भिंत सोडते. जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या असतात आणि त्यांतून दोर ओवलेला असतो. यंत्राने तो खेचला की जाळ्याचा तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळून बंद होतो. थवा पूर्ण आत. त्यात पिल्ले किती, अंड्यावर आलेली मादी किती, हे कळते ते मासळी वर आल्यावर. एलईडीची मासेमारी याच्या पुढची. अंधाऱ्या रात्री बोटीवर जनरेटर चालवून प्रखर दिवे पाण्यावर आणि पाण्याखाली सोडतात. दूरदूरचा मासा उजेडाकडे ओढला जातो, मग जाळे टाकतात. ट्रॉलरचे जाळे तर तळ खरवडत जाते. वाळूवर त्याने होणारे नुकसान वेगळे आणि प्रवाळावर होणारे वेगळे. वाळू काही काळाने पुन्हा बसते. तुटलेला पोरायटीस पुन्हा उभा राहायला नातवंडांचा काळ जावा लागतो.

पूर्वी आंग्रिया शोधायला अनुभवी तांडेल लागे आणि तिथे जाऊन-येऊन काही उरेल याची खात्री नसे. आज जीपीएस, मोठी इंजिने, बर्फाची सोय आणि समुद्रात आठवडाभर राहू शकणाऱ्या बोटी आहेत. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छिमार ज्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने करत आले, त्या हायस्पीड ट्रॉलरना शंभर किलोमीटर हे काही मोठे अंतर नाही. किनाऱ्याजवळची मासळी जसजशी आटते, तसतशी या बोटींची नजर लांबच्या खडकांवर जाणार, हे उघड आहे.

लांबच्या खडकावरचा मासा शिकारीला फार लवकर बळी पडतो. हेकरूचे उदाहरण घ्या. हेकरूच्या अनेक जाती मादी म्हणून वाढतात आणि मोठ्या झाल्यावर त्यांतल्या काहींचे नर होतात. म्हणजे सगळ्यात मोठे मासे बहुधा नर. शिवाय अंडी घालायच्या दिवसांत हे मासे ठरावीक जागी गोळा होतात. ती जागा एखाद्या बोटीला कळली की थोड्या रात्रींत तिथली बहुतेक मोठी मासळी उचलता येते. मग उरलेल्या माद्यांना नर मिळत नाहीत. त्या खडकावरचा हेकरू संपला तर भरपाईला शेजारून येईल असा दुसरा खडकही जवळ नाही. अशा एकाकी प्रवाळाला राखायचे ते याचसाठी.

राखायचे कोणी, हा खरा पेच. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यापासून बारा नॉटिकल मैलांपर्यंत चालतो. त्या हद्दीत ५ फेब्रुवारी २०१६ च्या निर्णयाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडी मासेमारीला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड ठेवला. पण आंग्रिया साधारण सत्तावन्न नॉटिकलवर आहे. तिथे केंद्राचा अधिकार. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ ला बारा नॉटिकलपलीकडच्या सगळ्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (ईईझेड) एलईडी आणि दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढण्याची पद्धत बंद केली, ते चांगले झाले. तरी साध्या ट्रॉलरला त्या आदेशाची आडकाठी नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण त्या कायद्याखाली अभयारण्य करता येते ते प्रादेशिक समुद्रात, म्हणजे त्याच बारा नॉटिकलच्या आत. राहतो तो १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा. त्याच्या सातव्या कलमाखाली केंद्र सरकार आर्थिक क्षेत्रातला एखादा भाग 'निर्देशित क्षेत्र' म्हणून जाहीर करून तिथल्या सागरी पर्यावरणासाठी नियम घालू शकते. आंग्रियासाठी हाच रस्ता आहे, आणि राज्यात त्याची चर्चाही झालेली आहे.

या रस्त्यावर चालताना मालवण विसरून चालणार नाही. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली तिथेच बंदी येणार म्हटल्यावर मच्छिमार बिथरले. त्यांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला आणि अभयारण्य बराच काळ कागदावर राहिले. सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचे हित जपायला हवे ही अट वन्यजीव कायद्यात आली ती १९९१ च्या दुरुस्तीने, मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा जो प्रकल्प चालला, त्यात खेकडापालन, कालवे-शिणाणे यांची शेती, ट्रॉलच्या जाळ्याला पिल्ले सुटून जातील अशी चौकोनी आसाची पिशवी, असे लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेले काम झाले. किनाऱ्यावर संरक्षणाबद्दल बोलायला वाट झाली ती अशा कामांतून.

आंग्रियाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलट आहे. तिथे मासेमारी बंद केली तर रापणवाल्याचे काही जात नाही, छोट्या पातीवाल्याचेही नाही. ते तिथवर जातच नाहीत. बंदी पडेल ती मोठ्या यांत्रिक बोटींवर, ज्यांच्याशी त्यांचा झगडा आधीपासूनच आहे. म्हणजे मालवणात जे लोक अभयारण्याच्या विरोधात उभे राहिले, तेच आंग्रियाचे पहिले पाठीराखे होऊ शकतात. ही गोष्ट सरकारी प्रस्तावांत ठळकपणे यायला हवी. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या मच्छिमार संस्थांना सुरुवातीलाच विचारात घेऊन हद्द आणि नियम ठरवले, तर त्यांना हा आणखी एक लादलेला फतवा वाटणार नाही.

एवढ्या लांब पहारा शक्य आहे का? फिलिपाइन्सने तो करून दाखवला आहे. सुलू समुद्रातले तुबाताहा हे प्रवाळ पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसा बंदरापासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. १९८८ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९३ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. तिथे मासेमारी पूर्ण बंद आहे, आणि वाळूच्या पट्ट्याशेजारी उभारलेल्या चौकीत रक्षक पाळीपाळीने राहतात. आंग्रियावर चौकी बांधायला जमीनच नाही, तेव्हा तिथला पहारा जहाजाने आणि उपग्रहानेच व्हायचा. साधने हाताशी आली आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. बोट वादळात सापडली तर मदत मिळावी हा तिचा मुख्य हेतू. पण ज्या यंत्राने बोट कुठे आहे हे कळते, त्याच यंत्राने ती आंग्रियाच्या माथ्यावर रात्रभर मंद गतीने मागे-पुढे फिरते आहे हेही कळते. ट्रॉल ओढणारी बोट अशीच फिरते.

मात्र ही माहिती किनाऱ्यावर कोणाच्या टेबलावर येणार आणि ती पाहून कोण निघणार, हे आधी ठरायला हवे. जिल्ह्याच्या गस्तीनौकेची पोच बारा नॉटिकलच्या आत. सत्तावन्न नॉटिकलवर जाऊन बोट थांबवू शकते ते तटरक्षक दल, आणि त्याला कारवाई करायची तर हातात नियम लागतो. त्या नियमात खडकाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, बंद असलेल्या जाळ्यांची नावे आणि दंड लिहिलेला हवा. बंदरात परतलेल्या बोटीचा ट्रान्सपॉन्डर तपासून तिथेच कारवाई करण्याचा अधिकारही त्यात असावा, मग ती बोट वेंगुर्ल्याला लागो, रत्नागिरीला लागो किंवा कर्नाटकातल्या मलपीला. मलपीचे नाव मुद्दाम घेतले, कारण तिच्यासमोरच्या समुद्रातही असेच एक बुडालेले प्रवाळ आहे, गवेषणी बँक. त्याच नावाच्या भारतीय संशोधन जहाजावरून ते सत्तरच्या दशकात सापडले. आंग्रियासाठी घालून दिलेला नियम त्या खडकालाही लागू करता येईल.