दुसरं फावडं

खुनाच्या खटल्याचे कागद हातात आले की मी फिर्याद सगळ्यात शेवटी वाचते. फिर्यादीत दोषी कोण ते पहिल्याच परिच्छेदात ठरलेलं असतं. ती एकदा डोक्यात बसली की पुढचे दीडशे कागद तिच्याच चष्म्यातून दिसू लागतात. म्हणून आधी घटनास्थळाचा पंचनामा, मग शवविच्छेदनाचा अहवाल, मग रासायनिक विश्लेषण, मग साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब, आणि त्यानंतर फिर्याद.

एका जिल्हा न्यायालयात २२ वर्षं मी आरोपींच्या बाजूनं उभी राहते आहे. बरीचशी कामं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील लावणं परवडत नाही अशांची. त्यातलं एक काम इथे सांगते. गाव आणि माणसांची नावं मुद्दाम सांगत नाही.

दोन चुलतभाऊ, सामाईक विहीर, रात्रीची लाइट आणि पाण्याच्या पाळीवरून जुनी कुरबुर. एका रात्री बांधावर भांडण झालं. एकाच्या डोक्यात फावड्याचा दांडा बसला आणि तो पहाटे दवाखान्यात दगावला. दुसऱ्यावर भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लागलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि सदोष मनुष्यवधाची १०५ मध्ये. पण ही घटना त्याआधीची, त्यामुळे ३०२ आणि ३०४ हेच आकडे आमच्या तोंडी होते.

पंचनामा मी सावकाश वाचला. पाट फुटलेला, पाणी बांधावरून वाहतंय, चिखलात एक बॅटरी, एक चप्पल, बाभळीच्या बुंध्यापासून चार फुटांवर रक्त. आणि पुढे तीन शब्द : ‘दोन फावडी आढळली.’ जप्ती मात्र एकाच फावड्याची. दुसऱ्याचा उल्लेख पुढच्या एकाही कागदात नव्हता.

मग शवविच्छेदनाचा अहवाल. आपल्याकडच्या छापील नमुन्यात कॉलम १७ मध्ये अंगावरच्या बाहेरच्या जखमा लिहितात आणि कॉलम १९ मध्ये डोक्याच्या आतल्या. कॉलम १७ मध्ये एकच नोंद होती : डाव्या कानाच्या वर ५ सेंमी लांब, फाटलेली जखम, हाडापर्यंत खोल. कॉलम १९ मध्ये त्याच जागी कवटीला तडा आणि आत रक्तस्राव. हातापायांवर, पाठीवर, छातीवर काही नाही. कॉलम १७ मी दर वेळी बोट ठेवून वाचते. साक्षीदार किती वार सांगतो आणि शरीर किती सांगतं, ते इथेच जुळतं किंवा फसतं.

अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी होते. त्या अर्ध्या पानावर, गिचमिड अक्षरात, ‘डाव्या हाताच्या पुढच्या भागावर निळसर वळ’ असं होतं. अंगावर काही येतंय असं दिसलं की माणूस जो हात आडवा धरतो, तो हा.

कारागृहात भेटायला गेले तेव्हा त्याला त्या दिवसाची हकीकत सकाळी उठल्यापासून विचारली. बैल कधी सोडले, जेवण काय होतं, लाइट किती वाजता आली. तो बोलत राहिला आणि मी लिहीत राहिले. एकदम त्या क्षणावर बोट ठेवलं तर माणूस बचावासाठी बोलतो. दिवसभराची कामं सांगत आला की घडलं ते सांगतो. बांधापर्यंत आल्यावर तो थांबला. मग म्हणाला, “मॅडम, आधी त्यानं उगारलं. मी हातावर घेतलं. मग माझ्या हातून बसलं.” त्याची आई दर तारखेला यायची आणि एकच विचारायची, “ताई, माझा पोरगा सुटंल का?” सुटेल असं मी तिला कधीच म्हणाले नाही.

कारण माणूस मेला होता आणि तो याच्या हातून मेला होता. प्रश्न पुढचा होता : तो खून होता का? दंड संहितेच्या कलम ३०० चा चौथा अपवाद सांगतो की, आधी ठरवलेलं नसताना, अचानक उसळलेल्या भांडणात, रागाच्या भरात, गैरफायदा न घेता आणि क्रूरपणा न करता मृत्यू घडला, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. हा अपवाद दाखवण्याचा भार आरोपीवर असतो; सरकार पक्षाइतका संशयातीत नव्हे, पण शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवावं लागतं. आणि एकच घाव आहे म्हणून काम भागत नाही. १९५८ च्या विरसा सिंग निवाड्यात भाल्याचा एकच घाव होता, तरी सर्वोच्च न्यायालयानं तो खूनच ठरवला. घाव किती, याइतकंच तो कशानं, कुठे आणि कोणत्या मनानं घातला, हे पाहावं लागतं.

मयताचा सख्खा भाऊ फिर्यादी होता. सरतपासात त्यानं सांगितलं, “आरोपी म्हणाला, तुला आज जिवंत सोडत नाही. मग त्यानं तीन वेळा मारलं.” फिर्यादीत ती धमकीही नव्हती आणि तीन हा आकडाही नव्हता. उलटतपासात मी एवढंच विचारलं की, हे दोन्ही फिर्यादीत लिहिलेलं नाही, हे खरं ना? त्यानं तेच उत्तर दिलं, जे मी या न्यायालयात शेकडो वेळा ऐकलंय : “मी सांगितलं होतं. पोलिसांनी का लिहिलं नाही याचं कारण मला सांगता येणार नाही.” काम इथे संपत नाही. साक्षीदारानं तसं सांगितलंच नव्हतं, हे फिर्याद लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या साक्षीतून वदवून घ्यावं लागतं, नाहीतर ती वगळ कागदावर सिद्ध होत नाही. ते दोन महिन्यांनी झालं.

मग मी पंचनाम्यावर आले.

“घटनास्थळी दोन फावडी होती?”

“होती.”

“एक आरोपीचं?”

“होय.”

“दुसरं?”

तो जरा वेळ कठड्याकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी मान वर केली. “भावाचं,” तो म्हणाला.

मी खाली बसले. ‘आधी भावानंच उगारलं ना?’ असं विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि त्याचं होयही पुसट झालं असतं. तो माणूस खोटारडा नव्हता. दुःखात एका घावाचे तीन होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पण फावड्याबद्दल त्याला खोटं बोलायचं नव्हतं आणि तो बोलला नाही. बाहेरच्या बाकावर मयताची बायको बसलेली होती. तिच्यासमोरून जाताना मी दर वेळी मान खाली घालते, कारण तिचं दुःख खरं असतं आणि माझं काम तिला उलट वाटणं साहजिक असतं.

हे काम इतकं बारकाईनं का करायचं, याचं उत्तर नाशिकजवळच्या २००३ सालच्या एका खटल्यात आहे. दरोडा, खून आणि बलात्काराच्या आरोपाखाली सहा जण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयानं सहाही जण निर्दोष ठरवले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांच्या अल्बममधून आधी वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते; तो कागद असूनही त्या चौघांचा तपास झाला नव्हता. तोवर सहा माणसांच्या आयुष्याची १६ वर्षं तुरुंगात गेली.

पण बारकाईनं वाचायला वेळ लागतो. माझ्या सुरुवातीच्या काळात एकदा साक्षीच्या दिवशीच सकाळी माझ्या हातात खुनाची फाइल आली होती. मुदतीसाठी मी हात जोडले होते. ती सकाळ अजून माझ्या पोटात गोळा आणते. २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा कामात न्यायालयानं नेमलेल्या वकिलाची किमान दहा वर्षं वकिली झालेली असावी आणि तयारीला त्याला साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. त्या खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. सात दिवस थोडेच आहेत, पण कागद शांतपणे दोनदा वाचायला पुरतात, आणि पंचनाम्यातले तीन शब्द अनेकदा दुसऱ्या वाचनातच दिसतात.

आमच्या खटल्याचा निकाल लागला : कलम ३०४, भाग दोन, म्हणजे खून नव्हे, सदोष मनुष्यवध. सात वर्षं सक्तमजुरी, तुरुंगात काढलेला काळ वजा. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं होतं की, दोघंही पाणी धरायला फावडी घेऊन आले होते, त्यामुळे आरोपीनं मारण्यासाठी हत्यार आणलं असं म्हणता येत नाही.

पोलिसांच्या गाडीकडे नेताना तो माझ्याजवळ थांबला. किती वर्षं, ते त्यानं विचारलं नाही. “मॅडम, मी ठरवून मारलं नाही असं कोर्टानं लिहिलंय ना?” मी म्हणाले, “लिहिलंय.” त्याची आई मागे उभी होती. त्यानं तिच्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा सांगितलं, आणि मग गाडीत चढला.