तीन डोळे, पण मऊ एकच

तीन डोळे असून शंकर नाही, पोटात पाणी असून घागर नाही, असा कोण? आजीच्या या कोड्याचं उत्तर बेळगावात काय नि गोव्यात काय, पोरंसुद्धा सांगतील: नारळ. पण डोळे तीनच का?

माडाच्या फुलात फळ धरणारा भाग तीन कप्प्यांचा असतो; प्रत्येक कप्प्याचा एक डोळा. बी मात्र एकाच कप्प्यात धरतं. त्याचा डोळा मऊ राहतो, कोंब तिथूनच फुटतो. पाणी आणि खोबरं ही त्या कोंबाची शिदोरी.

म्हणून रोपासाठी 11-12 महिन्यांचा, सोडणासकट नारळ घ्या आणि लावण्याआधी कानाशी हलवून बघा. पाणी वाजलं नाही, तर तो लावू नका. नाहीतर कोंबाची वाट बघण्यात हंगाम फुकट जाईल.