घर वाढले, पॉलिसी तेवढीच

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पाणी 50 फुटांच्याही वर गेले. शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्क या भागांतल्या घरांत शिरले. पाणी ओसरल्यावर लोकांनी पदरमोड करून घरे सावरली. कुणी गिलावा खरवडून नवा केला, कुणी विजेचे बोर्ड छातीच्या उंचीला नेले, कुणी मातीची भिंत उतरवून विटांची घातली. ज्याला जमले त्याने सामान हलवायला वर एक खोली काढली. घर पालटले, विमा असलाच, तर त्याच्या कागदात मात्र जुनेच घर नांदत राहिले. कंपनीच्या लेखी घर म्हणजे पॉलिसी घेताना आपण लिहून दिलेले घर. म्हणून दुरुस्ती आणि सुधारणा हा जितका गवंड्याचा विषय आहे तितकाच पॉलिसीचाही आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे सहसा दावा करायच्या दिवशीच कळते.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी घरविमा पॉलिसी देणे बंधनकारक केले. पुराच्या गावाला ती सोयीची आहे, कारण आग, वीज, भूकंप, वादळ यांच्या जोडीला पूर आणि जलमय होणे मूळ संरक्षणातच येते. विम्याची रक्कम ठरते कार्पेट एरिया आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. इमारतीची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढत जाते. ही वाढ सिमेंट-सळीच्या महागाईपोटी आहे, वाढवलेल्या खोलीपोटी नाही. त्या खोलीसाठी वेगळे कलम आहे: कार्पेट एरिया 10 टक्क्यांहून जास्त वाढला आणि जादा हप्ता भरून त्याची नोंद पॉलिसीवर करून घेतली नाही, तर वाढीव भागाचे नुकसान मिळत नाही. 800 चौरस फुटांच्या घराला ही सीमा 80 चौरस फुटांची, म्हणजे आठ बाय दहाच्या खोलीची. दहा बाय दहाची खोली काढली की आपण सीमेपलीकडे गेलो. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, गच्चीवरचे सौर पॅनेल हेही इमारतीतच मोजतात. पण त्यांची किंमत मूळ रकमेत धरलेली नसेल, तर भरपाई त्या रकमेच्या आतच बसवावी लागते.

डागडुजीचे गणित याहून नाजूक आहे. पॉलिसी ठरावीक संकटांच्या यादीवर चालते, आणि त्या यादीत ओल, वाळवी, गंज यांना जागा नाही. पुराच्या पाण्याने बसलेली भिंत यादीत येते. फुटक्या कौलांतून दहा पावसाळे पाणी मुरून फुगलेली भिंत येत नाही. पण कित्येक घरांत भिंत एकच असते आणि कारणे दोन. सर्व्हेअर पाहणीला येतो तेव्हा वाद नेमका इथे पेटतो. जमीन खचून झालेले नुकसान मिळते, पण खचण्याचे मूळ सदोष बांधकामात, निकृष्ट मालात किंवा चालू असलेल्या फेरबदलात असेल तर मिळत नाही. खालच्या मजल्यावर दुकानाचा गाळा काढायला आधाराची भिंत फोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शॉर्टसर्किटने जळालेला फ्रिज भरून मिळत नाही, मात्र त्यातून पसरलेल्या आगीचे बाकी नुकसान मिळते. तेव्हा जुने वायरिंग बदलण्याचा फायदा आपल्याच खिशाला आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कंपनीला नाही म्हणायला निमित्तच हवे असते. कितीही कागद जपला तरी शेवटी घासाघीस होणारच. हा अनुभव खोटा नाही. पण निमित्त काढून घेण्याचा मार्गही कागदातूनच जातो. दुरुस्तीची पावती, आधीचे-नंतरचे फोटो, जुन्या इमारतीचा संरचना तपासणी अहवाल हाती असला, तर ‘ही भिंत आधीच गेली होती’ हे म्हणणे अवघड होते. तरीही अडले तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे दाद मागता येते, आणि तिथेही कागदच बोलतो. दुसरा आक्षेप हप्ता वाढण्याचा. वाढतो, यात वाद नाही. अमेरिकेत नवे छप्पर घातल्यावर हप्त्यात सवलत मिळू शकते, तसा पायंडा आपल्याकडे फारसा नाही. बोर्ड वर नेला म्हणून कुणी पाठ थोपटणार नाही. पण वाढलेला हप्ता मोजायचा तो सरकारी मदतीशी. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी आपत्ती निधीच्या सध्याच्या निकषाने 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. एवढ्यात आजच्या दराने एक खोलीही धड उभी राहत नाही.

तिसरी अडचण सहसा उघड बोलली जात नाही. वाढीव खोली विनापरवाना आहे, मग ती कंपनीला कळवायची कशी? निळ्या पूररेषेच्या आत तर नव्या बांधकामाला सहसा परवानगीच नसते. या प्रश्नाला विम्याकडे उत्तर नाही. माहिती दडवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी पालथ्या घड्यावर पाणी ठरते. आधी महापालिकेत बांधकाम नियमित होते का ते पाहावे आणि मग पॉलिसी वाढवावी. होत नसेल, तर त्या खोलीचा धोका आपल्या शिरावर आहे असे धरून चालावे. गृहकर्जासोबत बँकेने घ्यायला लावलेल्या पॉलिसीवर विसंबणाऱ्यांनी तिची रक्कम घराची आहे की फक्त कर्जाची, आणि कर्ज फिटल्यावर ती चालू राहते का, हेही विचारून घ्यावे.

मृगाच्या आधी घर शाकारायला माणूस बोलवाल, त्याच दिवशी पॉलिसी कपाटातून काढा, तिच्यावरचा कार्पेट एरिया वाचा आणि टेप लावून आपले घर एकदा मोजा.