रणांगणावर थांबलेला सूर्य

शत्रू पळत सुटला आहे, पण त्याचा पुरता मोड करायला दिवस अपुरा पडणार! अशा वेळी सेनापतीने काय करावे? बायबलच्या जुन्या करारातला यहोशवा सरळ सूर्यालाच थांबायला सांगतो. सूर्य गिबोनावर आणि चंद्र अयालोनच्या खोऱ्यावर खिळून राहतो आणि पाच अमोरी राजांचा पाडाव होतो. आपल्याकडे जयद्रथासाठी श्रीकृष्णाने सूर्य झाकला. इथे यहोशवाने तो रोखला!

अशा प्रसंगांची आन्तोनियो तेम्पेस्ता या चित्रकाराला भारी हौस. फ्लॉरेन्समध्ये १५५५ साली जन्मलेल्या या कलावंताची जुन्या करारातील लढायांवरची एचिंग-मालिका १६१३ साली निघाली. ती तस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो मेदिची याला अर्पण केलेली आहे. यहोशवाचा हा पराक्रमही तीत आहे.

एचिंगची रीत मोठी मजेदार. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र रेखायचे आणि पत्र्याला तेजाब लावायचे. मेण निघाले असेल तेवढ्याच रेघा तेजाब कोरते. त्यांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाने छाप घ्यायचा. धातू कोरण्याचे कष्ट तेजाबाचे; चित्रकाराचा हात मात्र कागदावर धावावा तसा धावतो. म्हणून तर तेम्पेस्ताचे घोडे असे उधळतात आणि टापांखालच्या माणसांची तडफड अंगावर येते.

आता योगायोग पाहा. त्याच वर्षी डिसेंबरात, पिसा येथे, याच ड्यूकच्या पंगतीला हाच सूर्य वादाचा विषय झाला. पृथ्वीच फिरते म्हणता, तर यहोशवाने थांबवले ते काय? ड्यूकच्या आईची, क्रिस्तीनाची, ही शंका गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने गुरूला कळवली. २१ डिसेंबरच्या पत्रात गॅलिलिओने उत्तर दिले: धर्मग्रंथ चुकत नाही, त्याचा अर्थ लावणारे चुकू शकतात, ग्रंथ सामान्यांना समजेल अशा भाषेत बोलतो.

मी भाषा शिकवणारा. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. पृथ्वी फिरते हे आज शाळकरी पोरही जाणते, तरी आपण सूर्य ‘उगवला’ नि ‘मावळला’ असेच म्हणतो. त्यात कोणी खोटे बोलत नाही.

पण हे ऐकतो कोण? १६१६ साली कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली. १६३३ साली गॅलिलिओला आपले मत गुडघे टेकून मागे घ्यावे लागले. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. तेम्पेस्ताच्या चित्रापुढे उभे राहून ‘सूर्य खरेच थांबला होता का?’ असे कोणी विचारत नाही. चित्राला आपण देतो ती मोकळीक शब्दालाही दिली असती, तर एकोणसत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्यावर ही वेळ आली नसती.