मंदीतील शेअर : विक्री, धारणा की खरेदी?

शेअरबाजारात भाव कोसळू लागले म्हणजे गुंतवणूकदारापुढे तीन मार्ग असतात : हातचे शेअर विकणे, ते राखून ठेवणे, किंवा पडत्या भावात आणखी घेणे. यांपैकी कोणता मार्ग युक्त, याचे उत्तर बहुधा भावाच्या आलेखातच शोधले जाते. परंतु केवळ घसरणीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिच्यामागे नेमके काय नष्ट झाले आहे, हा मूळ प्रश्न होय. मुंबईच्या बाजारातील दोन घसरणी ताडून पाहिल्यास हे स्पष्ट होईल.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्यातून आलेला पैसा नव्या बँकांच्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत लोटला. बॅकबे कंपनीच्या शेअरचा भाव भरणा झालेल्या रकमेच्या अनेक पट चढला. वास्तविक त्या जमिनीचे उत्पन्न अद्याप सुरूही झाले नव्हते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजी मुदतीच्या सौद्यांचा चुकारा करण्याची वेळ येताच अनेक पेढ्या बुडाल्या. शेअरांच्या तारणावर सढळपणे कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली. ज्यांनी उसनवारीने शेअर घेतले होते त्यांना थांबण्याची मुभाच नव्हती. ज्यांना ती होती, त्यांच्याही शेअरमागे उत्पन्न नव्हते.

दुसरी घसरण २००८ मधील. सेन्सेक्स निर्देशांक ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला, म्हणजे सुमारे ६१ टक्के उतरला. या संकटाचा उगम अमेरिकेतील गृहकर्जांत होता. परदेशी संस्थांनी भारतातून पैसा काढून घेतला आणि कंपन्यांचे नफेही काही काळ आटले; तथापि बहुतेक मोठ्या कंपन्यांची अर्जनक्षमता टिकून होती. ५ नोव्हेंबर २०१० रोजी निर्देशांक पुन्हा २१,००४ वर बंद झाला. मात्र याच काळात, ७ जानेवारी २००९ रोजी, सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली व कंपनी निर्देशांकातून वगळली गेली. निर्देशांक सावरला म्हणून त्यातील प्रत्येक शेअर सावरतो असे नव्हे.

हा भेद एका साध्या गणिताने दाखविता येतो. एखादा शेअर प्रतिवर्षी कायम ५ रुपये मिळवून देईल अशी अपेक्षा आहे आणि गुंतवणूकदार ५ टक्के परतावा मागतात असे समजू. त्याची किंमत १०० रुपये होईल. मंदीने दोन वर्षांचे संपूर्ण उत्पन्न गिळले, तरी किंमत १० रुपयांहूनही कमी घटावयास हवी. भाव ५० वर आला, तर त्याची दोन कारणे संभवतात : भयग्रस्त गुंतवणूकदार आता १० टक्के मागत आहेत, किंवा उत्पन्न कायमचे निम्मे झाले आहे. पहिल्या परिस्थितीत ५० रुपयांवर १० टक्के मिळतात व खरेदीला आधार असतो. दुसऱ्या परिस्थितीत परतावा पाचच टक्के राहतो. शेअर उतरला आहे, पण स्वस्त झालेला नाही. प्रत्यक्षात ही दोन्ही कारणे बहुधा मिसळलेली असतात आणि त्यांचे प्रमाण ठरविणे हेच अभ्यासकाचे काम होय. त्यासाठी कंपनीचे कर्ज, हाती असलेली रोकड आणि मालाची मागणी तपासावी लागते.

येथे मनाचा एक कल आड येतो. शेफ्रिन व स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये, आणि दलालीपेढीच्या खात्यांवरून ओडीन यांनी १९९८ मध्ये, असे दाखविले की गुंतवणूकदार नफ्यातील शेअर लवकर विकतात व तोट्यातील धरून बसतात. कर व दलाली सोडल्यास मूळ खरेदीभावाचा पुढील उत्पन्नाशी काही संबंध नसतो. हाती तेवढी रोकड असती, तर हाच शेअर आजच्या भावाने घेतला असता काय, ही धारणेची योग्य कसोटी आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर अशा धारणेला धैर्य म्हणता येत नाही.

अर्जनक्षमता शाबूत असली, तरी थांबण्याची ऐपत हवी. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. ती पातळी ओलांडण्यास २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली. चौतीस वर्षे म्हणजे नोकरदाराचे जवळजवळ सारे सेवाजीवन. मुलांच्या शिक्षणासाठी वा निवृत्तीसाठी थोड्याच वर्षांत लागणारा पैसा, तसेच कर्जाऊ रक्कम, या बाजारात असता कामा नये.

तळ नेमका कधी लागेल हे आधी कळत नाही. म्हणूनच खरेदी युक्त ठरली तरी ती हप्त्याहप्त्याने करणे बरे. उत्पन्न टिकून आहे, भाव त्या मानाने उतरला आहे आणि पैशाची निकड नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर खरेदीस हरकत नसते. उत्पन्नाचा पायाच ढासळला असेल, तर तोटा सोसूनही विकणे इष्ट.