कबड्डीतला डोक्याचा मार
मावळ-लोणावळ्यातल्या हौशी कबड्डीत हेल्मेट नसते, आणि धरपकड हाच खेळाचा गाभा. कन्कशन म्हणजे आघाताने मेंदूला बसलेला हिसका. मार थेट डोक्यालाच लागावा असे नाही. बचावपटूंच्या साखळीने चढाईपटूला उचलून आपटले, तरी मानेच्या झटक्याने मेंदू कवटीत हिंदकळतो. बहुधा शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ येतो. फसगत होते ती इथेच. डोके दुखते, मळमळते, गरगरते, उजेड सोसत नाही, कधी मघाची चढाईही आठवत नाही. मुरगळलेल्या गुडघ्यासाठी बाहेर बसण्यात कमीपणा वाटत नाही, डोक्यासाठी मात्र वाटतो. मग तोंडावर पाणी मारून गडी पुन्हा मैदानात. हौशी रग्बीतही हीच खुमखुमी दिसते, पण तिथे नियम कडक: नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही. ॲमस्टरडॅमच्या २०२२ मधील कन्कशनवरील तज्ज्ञ परिषदेनुसार आधी २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हलका व्यायाम, पुढे टप्प्याटप्प्याने सराव. अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांच्या होकारानंतरच. वारंवार उलटी, आकडी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसल्यास सामना संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.